झाकणातला तेरावा पत्ता

देवराम सर गेल्याचं त्यांच्या मुलीने, सुजाताने, फोन करून कळवलं. सकाळची वेळ होती. मी गॅलरीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. "काका, बाबा गेले... झोपेतच," एवढंच ती म्हणाली आणि अजून बऱ्याच जणांना कळवायचं होतं म्हणून तिने फोन ठेवला. मी पेन्सिल हातात तशीच धरून बसलो. त्या क्षणी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लाजेपोटी अजून काही लपवायचं असतं तर हा लेख लिहायचं कारणच नव्हतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता विचारणारं कुणी उरलं नाही. दुःख नंतर आलं, दुपारी, जेवताना. खरं तर त्यांनी मला कधीच काही विचारलं नव्हतं. चाळीसहून अधिक वर्षांत एकदाही नाही.

आठवड्याने त्यांच्या कॉलनीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माझी धाकटी बहीण शालन पुण्याहून मुद्दाम आली होती. ती तिथल्या एका मोठ्या रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली. विद्यार्थी बोलले, शेजारी बोलले. मग एक निवृत्त शिक्षक उठले आणि फार प्रेमाने म्हणाले, "सर पक्के बुद्धिवादी. ते पत्ते बघून भविष्य सांगायचे, तेवढी एक गोष्ट सोडली तर त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती." दोन-चार जण समजूतदारपणे हसले. पुढच्या रांगेत सुजाता मांडीवरच्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होती. शालन माझ्या कानाशी वाकली. "भविष्य? सरांनी कधी कुणाचं भविष्य सांगितलं? हे कुणी पसरवलं रे दादा?"

मी खाली फरशीकडे बघत राहिलो. पसरवणारा मीच होतो, आणि ज्या कागदाने ते पसरलं त्याखाली माझी सही होती.

मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. देवराम सर तिथे माझ्या आधी दोन वर्षं चित्रकला शिकवत होते. मी निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा; ते सिन्नरच्या बाजूच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातले. शिक्षकांच्या खोलीत सगळे एका लांब टेबलाभोवती बसत, पण देवराम सर चित्रकलेच्या खोलीतच डबा खात. पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस शिष्ट आहे. पुढे कळलं की सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एकदा टेबलावर डबा उघडल्यावर दोघांनी आपापले डबे उचलले होते. ते नुसते उठून आपल्या खोलीत गेले आणि मग तिथेच जेवू लागले. हे समजल्यावर मीही माझा डबा घेऊन तिकडे जायला लागलो. त्याचा मला फार अभिमान होता. आज वाटतं, तो अभिमान जरा जास्तच होता.

त्या काळात गोदाकाठी परदेशी तरुण-तरुणी बरेच दिसत. अशीच एक गोरी मुलगी पंचवटीतल्या एका लॉजवर काविळीने आजारी पडली होती. लॉजच्या पाट्या देवराम सरांनी रंगवलेल्या, म्हणून मालक ओळखीचा. त्याने सहज म्हणून सांगितलं, आणि सर तीन आठवडे रोज घरून भाताची पेज नि उसाचा रस घेऊन जात राहिले. बरी होऊन निघताना तिने त्यांना एक पत्त्यांचा गठ्ठा आणि एक छोटी इंग्रजी पुस्तिका दिली. अठ्ठ्याहत्तर पत्ते, प्रत्येकावर चित्र. राजे, राण्या, मनोरे, चंद्राकडे तोंड करून ओरडणारे कुत्रे. त्याला टॅरो म्हणतात हे तेव्हा आम्हाला उच्चारताही येत नव्हतं. शाळेत त्याला सरळ 'सरांचे पत्ते' म्हणत.

सरांनी शब्दकोश घेऊन ती अख्खी पुस्तिका शंभर पानी वहीत मराठीत उतरवली. पण त्यांची वाचण्याची रीत पुस्तिकेतली नव्हती, चित्रकलेच्या मास्तराची होती. गठ्ठा स्वतः पिसायचे आणि ड्रॉइंगबोर्डावर धुतलेला रुमाल पसरून त्यावर ठेवायचे. त्यांना पान खायची सवय होती. पिसून झालं की नळावर जाऊन चूळ भरून यायचे. म्हणायचे, समोरच्याशी बोलायचं तर तोंड मोकळं हवं. मग समोरच्याने वरचा पत्ता उलटायचा. सर त्याचा अर्थ सांगत नसत. विचारायचे, "काय काय दिसतं? सगळं सांगा. कोपऱ्यातलंही." आमचा शिपाई सखाराम एकदा म्हणाला, "सर, एक म्हातारा दिसतोय कंदील घेऊन, पण माझ्या सुनेचं काय ते सांगा ना." सर म्हणाले, "म्हातारा कंदील कुणाला दाखवतोय ते आधी सांगा." सखारामने पाच मिनिटं चित्र बघितलं आणि म्हणाला, "कुणालाच नाय. एकटाच हाय बिचारा. सुनेशी बोलत नाय वाटतं." सगळे हसले, सखारामही. पण दुसऱ्या दिवशी तो सुनेला माहेराहून आणायला गेला.

हेडमास्तर चेष्टेने विचारायचे, "आमची वेतनवाढ कधी, ते निघतं का यात?" सर म्हणायचे, "यात राजा आहे, कारकून नाही. वेतनवाढ कारकुनाच्या हातात असते." पुढचं सांगता येतं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, मानलंही नाही. माझ्यासमोर कितीदा तरी म्हणाले होते, "वसंतराव, चित्र आधीच काढून झालेलं असतं. माणूस त्यात आपल्याला हवं ते बघतो. मी फक्त त्याला नीट बघायला लावतो."

त्या गठ्ठ्यात तेरावा पत्ता मरणाचा. काळ्या चिलखतातला हाडांचा सापळा पांढऱ्या घोड्यावर बसलेला. खाली एक राजा मरून पडलाय, एक धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एक तरुण बाई गुडघ्यावर बसून तोंड फिरवते आहे, आणि तिच्याशेजारचं लहान मूल मात्र घोड्याकडे सरळ बघतंय. लांब मागे दोन मनोरे आणि त्यांच्यामध्ये सूर्य. आकडाही तेरा. आपल्याकडे तेराव्याचं जेवण सगळ्यांनी जेवलेलं असतं, त्यामुळे हा पत्ता आला की शिक्षक मंडळी बोर्डापासून लांब सरकत. एकदा मी त्यांना म्हटलं, "असला पत्ता ठेवताच कशाला?" तेव्हा त्यांनी मला एक आठवण सांगितली. धर्मांतर झालं त्या साली ते दहा-अकरा वर्षांचे होते. वडिलांनी घरातले देव टोपलीत भरले आणि ओढ्यात सोडून आले. "आई दोन दिवस रडली. जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली, रिकामा कोनाडा शेणाने सारवला आणि त्यात माझं दप्तर ठेवलं. कोनाडा तोच, वसंतराव. आत काय ठेवायचं ते बदललं. हा पत्ता म्हणजे मधले ते दोन दिवस."

मला ते पटलं होतं. मीच ते पुढे विसरलो.

शालनचं लग्न मालेगावला झालं होतं. नवरा सुताच्या पेढीवर होता. आग्रा रोडवर ट्रकने त्याच्या सायकलला उडवलं, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर आमचे वडील, अण्णा, तिला माहेरी घेऊन आले, आणि दोन महिन्यांनी ती माझ्याकडे पंचवटीत राहायला आली. माझ्या पत्नीचं दुसरं बाळंतपण अवघड गेलं होतं. ती अंथरुणाला खिळलेली. शालनने घर उचललं. स्वयंपाक, थोरल्याची शाळा, धाकटीची अंघोळ, पत्नीचं औषध. मी शाळेतून यायचो तर ताट वाढलेलं असायचं. मी लोकांना सांगायचो, बहिणीला इथे आणलं म्हणजे तिचं दुःख हलकं होईल. तिचं होत होतं की नाही कोण जाणे, माझं ओझं मात्र हलकं होत होतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. एप्रिलात शालनच्या नावाने पुण्याहून पत्र आलं. तिने मला न सांगता परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता आणि तिची निवड झाली होती. तीन वर्षं, राहणं-खाणं तिथेच. अर्ज भरायला मदत देवराम सरांनी केली होती, हेही तेव्हाच कळलं. मी पत्र वाचलं, घडी घातली आणि "छान," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शाळेच्या स्नेहसंमेलनात स्त्रीशिक्षणावर भाषण मीच करायचो. 'जाऊ नकोस, माझं घर कोण सांभाळेल' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. आणि देवरामने मला न विचारता हा उद्योग केला, ही गोष्ट आत सलत राहिली. माझ्याच घरात येऊन, माझा चहा पिऊन... असं मी स्वतःशी म्हणत होतो.

शालन पत्र घेऊन चार दिवस घुटमळत होती. मी म्हणालो, "सरांकडे एक पत्ता काढून बघ. मन स्वच्छ होईल." ती लगेच तयार झाली. शनिवारची अर्धी शाळा सुटली की चित्रकलेच्या खोलीत यायचं ठरलं.

त्या दिवशी डबा खाताना सर म्हणाले, "तेरावा मी काढून ठेवलाय. ताई येणार ना आज." अलीकडेच घरात कुणी गेलेलं माणूस आलं की ते हा पत्ता गठ्ठ्यात ठेवत नसत. हा त्यांचा नियम होता आणि तो फक्त मला माहीत होता. त्यांच्या रंगाच्या पत्र्याच्या पेटीला झाकणाच्या आतून त्यांनी पुठ्ठ्याचा एक खिसा चिकटवला होता. त्यात नमुन्याची चित्रं ठेवत. मी विचारलं, "का काढता? तुम्हीच तर म्हणता, वाईट पत्ता नाही." ते म्हणाले, "नाहीच. पण तेराव्याच्या जेवणाची चव अजून तोंडात असलेल्या माणसाला तो आपण होऊन दाखवू नये. त्याने मागितला तर गोष्ट वेगळी."

शालन आली. सरांनी गठ्ठा पिसला, रुमालावर ठेवला आणि नळावर गेले. शालन दाराशी चप्पल काढत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. मी पेटीचं झाकण उघडलं, खिशातून तो पत्ता काढला आणि गठ्ठ्यावर ठेवला. गणिताच्या मास्तराचा हिशोब सोपा होता. नऊ महिन्यांपूर्वी नवरा गेलेली मुलगी, समोर सापळा. ती घाबरणार. आणि सर माझे मित्र आहेत, माझं मन ओळखतील, म्हणतील, थोडं थांबा ताई, यंदा नको.

शालनने पत्ता उलटला. सरांनी पत्ता बघितला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकदाच, फार वेळ नाही. त्या नजरेत राग नव्हता. ओळखीच्या माणसाला भलत्याच गावात बघितल्यावर आपण जसं बघतो, तसं काहीतरी होतं. मी डोळे मिचकावले. म्हणजे, सांभाळून घ्या.

सर पत्त्याकडे वळले. "ताई, घाई नाही. नको असेल तर ठेवून देऊ." शालनचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "नको सर, आलाय तर बघते." सर म्हणाले, "काय दिसतं?"

ती पत्त्यावर वाकली. बाहेर मुलं सायकली काढत होती त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "हाडं दिसतात... सर, गेल्या आठवड्यात मी अण्णांच्या मळ्यावर गेले होते. एप्रिलची छाटणी झालीय. सगळा मांडव असाच दिसतो. एक पान नाही, नुसती हाडं. मालेगावच्या माझ्या सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा मळा बघायला आल्या तेव्हा अशीच छाटणी झाली होती. म्हणाल्या, अगं बाई, बाग मेली की काय तुमची."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा."

असं म्हणून तीच हसली. नवरा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होतो. सरांनी पुढे एकच विचारलं, "त्या लहान मुलाकडे बघितलंत का?" ती म्हणाली, "हो. ते घाबरलेलं नाही. त्याला ठाऊक नसेल." सर म्हणाले, "किंवा त्यालाच ठाऊक असेल." बस. याहून अधिक ते काही बोलले नाहीत. पत्त्याचा अर्थ त्यांनी सांगितलाच नाही, तो माझ्या बहिणीने सांगितला. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढे सगळं याच्या उलट नोंदलं गेलं.

पंधरा दिवसांनी शालन मळ्यावर गेली, फुटवे बघून आली आणि बॅग भरायला लागली. जूनमध्ये ती पुण्याला गेली.

त्या दिवसांत माझ्या मनात एकच भावना होती, मला फसवलं. ज्याच्यासाठी मी शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावरून उठलो, त्याने माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बहिणीला घराबाहेर काढलं. घरात धाकटी रडायची, पोळ्या करपायच्या, पत्नी भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि प्रत्येक करपलेल्या पोळीबरोबर माझा देवराम सरांवरचा राग वाढायचा. पत्ता कुणी ठेवला होता हे मी जणू विसरूनच गेलो होतो. माणसाला हे जमतं. मला चांगलंच जमलं.

अण्णा निफाडहून तणतणत आले. "पोरगी धाडली कशी? नवरा जाऊन वरीस नाय झालं. कोण बोललं तिला?" मी म्हणू शकलो असतो, ती स्वतः गेली. मी म्हणालो, "देवराम सरांनी मरणाचा पत्ता दाखवला तिला." अण्णा खाटेवर बसले. "त्या मास्तरनं? आपल्या पोरीवर?" मग हळू आवाजात म्हणाले, "लय डोक्यावर बसवलं तुम्ही त्या लोकांना शाळेत." हे वाक्य मी ऐकलं आणि गिळलं.

अण्णांचे एक मावसभाऊ संस्थेच्या कमिटीवर होते. दोन आठवड्यांत तक्रार आली, शाळेच्या आवारात जादूटोणा. हेडमास्तरांच्या खोलीत चौकशी झाली. कमिटीचे तीन जण, हेडमास्तर, सर आणि साक्षीदार म्हणून मी. विचारलं गेलं, "हा पत्ता तुम्ही मुद्दाम काढलात?"

सर म्हणाले, "मी काढला नाही."

"मग कुणी काढला?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. माझं नाव आता येणार, असं मला वाटत होतं. सर म्हणाले, "पत्ते माझे. खोली माझी. जबाबदारी माझी."

मग कमिटीतल्या एकाने माझ्यापुढे कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं की सदर शिक्षक शाळेच्या आवारात परदेशी पत्त्यांच्या साहाय्याने भविष्य सांगत असत, माझ्या बहिणीस त्यांनी मृत्यूचा पत्ता दाखवला व तिच्या मनावर परिणाम होऊन तिने घर सोडले. मी सही केली. सही करताना मनात म्हटलं, यातला एकच शब्द तर खोटा आहे. 'भविष्य'. त्या एका शब्दाने त्यांचं पुढचं सगळं आयुष्य खाल्लं.

त्यांची बदली संस्थेच्या सटाण्याच्या शाखेत झाली. आई आजारी असल्यामुळे घर नाशिकला, आणि ते शनिवारी एसटीने येऊन सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. अशी अकरा वर्षं. पण त्यांना खरा घाव बसला तो बदलीचा नाही. त्यांच्या कॉलनीत बातमी पोचली होती. विहारात ते दर रविवारी मुलांना चित्रकला शिकवायचे. कुणीतरी विचारलं, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या याच्यासाठी? मास्तरच भविष्य सांगायला लागले तर पोरांना काय सांगायचं? ते म्हणाले, मी भविष्य सांगत नव्हतो. त्यावर उत्तर आलं, तुमच्या मित्राची सही आहे. त्यांचा रविवारचा वर्ग बंद झाला. ज्याच्या आईने कोनाड्यात देवाच्या जागी दप्तर ठेवलं, त्या माणसाला अंधश्रद्धाळू ठरवून मी मोकळा झालो.

मी एकदा सटाण्याला गेलो होतो, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, दहावीच्या परीक्षेचं काही काम होतं म्हणून. बाजारात कांद्याच्या राशी आणि हवेत टरफलं उडत होती. शाळेच्या दारात शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "सर तठे शेतस, निंबना झाडखाले." सर खरंच लिंबाखाली मुलांना घेऊन बसले होते आणि मुलं कांद्याची चित्रं काढत होती. मला बघून ते उठले. "या वसंतराव. शालनताई कशा आहेत?" पहिलाच प्रश्न हा. आम्ही चहा घेतला. मी मनाशी ठरवून गेलो होतो की त्यांनी विषय काढला की पाय धरायचे. त्यांनी काढला नाही. मी एवढंच विचारलं, "पत्ते आहेत अजून?" ते म्हणाले, "आहेत. पण वाचत नाही आता. एक कमी आहे ना त्यात." मला वाटलं, हरवला असेल. गाडीत बसल्यावर मला त्यांचाच राग आला, की या माणसाने मला शिवी देऊन मोकळंही केलं नाही. आपल्याच अपराधाचा राग समोरच्यावर काढायची माझी ती सवय तोवर पक्की झाली होती.

विहारातल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालन माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी समोर स्टुलावर बसलो. म्हणालो, "शालू, तो पत्ता मी ठेवला होता."

"कुठला?"

"तुझा. सर नळावर गेले होते तेव्हा. त्यांनी तो तुझ्यासाठी काढून ठेवला होता. मी परत ठेवला."

तिचे हात थांबले. "मला घाबरवायला?"

"हो."

"का रे?"

"तू गेलीस तर घर..."

तिने हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला सरळ म्हणायचंस, जाऊ नको. तेव्हा मी थांबलेही असते दादा. तुझी पोरं मला सोडवत नव्हती." नंतर तिने मेथीची जुडी बाजूला सारली, खोलीत गेली आणि पर्स घेऊन आली. रुग्णालयाच्या जुन्या ओळखपत्राच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात तो पत्ता होता. पुण्याला निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर सरांनी तिला तो दिला होता, "हा तुमचा," एवढंच म्हणून. "मला वाटत होतं, हा आपण होऊन आला. वाईट केस हाताळून आले की मी याच्याकडे बघायची. याला हात जोडायची... आणि हा तू ठेवला होतास." ती रडली नाही. तिचा आवाज वॉर्डातल्या नर्सला सूचना द्यावी तसा होता. "पत्ता तू ठेवलास. वाचला त्यांनी. तेवढंच एक बरं झालं. आता हे पेपरात लिही. विहारात चार जणांसमोर पुटपुटून चालायचं नाही. माझं नाव घालून लिही, त्यांचं घाल, आणि स्वतःचं घाल."

म्हणून हे लिहितो आहे. देवराम सरांनी कधीही, कुणाचंही भविष्य सांगितलं नाही. तो कागद खोटा होता आणि त्यावरची सही माझी होती.

त्याच दुपारी आम्ही दोघं सुजाताकडे गेलो. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "काका, हे आईला सांगायला हवं होतं. ती चार वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत म्हणायची, तुझ्या बापाला पत्त्यांनी खाल्लं. बाबा म्हणायचे, पत्त्यांनी नाही गं. पुढे बोलायचे नाहीत." क्षमा मी मागितली, पण ती मिळाली असं मी लिहिणार नाही. सुजाताने आम्हाला चहा दिला, पण स्वतःसाठी केला नाही.

मग तिने भिंतीतल्या कोनाड्यातून रंगाची ती पत्र्याची पेटी काढली. आत वाळून दगड झालेल्या रंगांच्या नळ्या, रुमालात बांधलेला गठ्ठा आणि ती शंभर पानी वही होती. शालनने तेराव्या पत्त्याचं पान काढलं. सरांच्या सुंदर अक्षरात आधी लिहिलं होतं, 'मृत्यू'. ते खोडलं होतं. त्याखाली 'शेवट', तेही खोडलेलं. त्याखाली 'कात टाकणे', त्यावरही रेघ. सगळ्यांत खाली, वेगळ्या शाईत, न खोडलेली एक ओळ होती. 'पंधरा दिवस थांबा. – शालनताई.'

शालनने वही मिटली. पर्समधून पत्ता काढून सुजाताच्या हातावर ठेवला. "हा तुमच्या घरातला," ती म्हणाली. सुजाताने गठ्ठा सोडला, पत्ता त्यात सरकवायला गेली आणि थांबली. घरातलं माणूस जाऊन आठच दिवस झाले होते. तिने माझ्याकडे बघितलं. "काका, बाबा तो काढून ठेवायचे म्हणालात... कुठे ठेवायचे?"

ते ठिकाण माहीत असलेला आता मी एकटाच होतो. मी पेटीचं झाकण उघडलं आणि आतला पुठ्ठ्याचा खिसा तिला दाखवला.